कराडसारख्या गावात स्किन-लेझर क्लिनिक चालेल का? डीलर रोज फोन करतोय

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय इथं, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मी एमबीबीएस, कराडला ६ वर्षं जनरल प्रॅक्टिस, म्हणजे ताप-खोकला, शुगर-बीपी, आणि 'सलाईन लावल्याशिवाय बरंच वाटत नाही' म्हणणारे आजोबा. ओपीडी बरी चालते. पण गेली दोनेक वर्षं बघतेय, तापाला म्हणून आलेली मुलगी उठता उठता हळूच विचारते, मॅडम हनुवटीवरच्या केसांचं काय करता येतं का हो. मग सोबतची आई म्हणते माझ्या गालावरचा वांग पण बघा जरा. मी आपली मलम लिहून देते नाहीतर कोल्हापूर-पुण्याला पाठवते, आणि त्या जात नाहीत, पार्लरला जातात.

तर मागच्या महिन्यात मुंबईला दोन दिवसांचा वर्कशॉप करून आले. बोटॉक्स (आठ्यांचं इंजेक्शन), फिलर (भराव घालायचं इंजेक्शन), पील (अ‍ॅसिड लावून वरची कातडी सोलणं), पीआरपी (पेशंटच्याच रक्तातला भाग टोचणं), लेझर, सगळं दोन दिवसात, सर्टिफिकेट तर लॅमिनेट करूनच हातात दिलं. येताना कोयना एक्स्प्रेसमध्ये बसल्यावर डोक्यात आलं की अख्ख्या दोन दिवसात सुई मी एकदाच धरली आणि तेव्हाही माझं मनगट दुसऱ्यानं धरलेलं.

आता त्या वर्कशॉपमधूनच एका डीलरकडे माझा नंबर गेलाय. केस काढायचं डायोड लेझर मशीन, कोटेशन १४ लाख, १२ टक्क्यांनी ४ वर्षं, महिन्याला साधारण ३७ हजार हप्ता. म्हणतो मॅडम सहा महिन्यात मशीन फ्री होतं. नवरा म्हणतो घे, सासरे म्हणतात एवढं शिकून पार्लर काढणार का. मला खरंच कळेना झालंय. तालुक्याच्या गावात हे चालतं का, एमबीबीएसने काय करावं काय करू नये, आणि मशीनपासून सुरुवात करू का दुसऱ्या कशापासून? कुणी हे केलंय का आधी?

चर्मचक्षू

नाशिकला एमडी स्किन, १६ वर्षं झाली. हा आपली दुकानदारी वाचवतोय असं वाटलं तर वाटू दे, विचारलंय म्हणून सांगतो.

आधी ते लॅमिनेशन. सप्टेंबर २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनच्या एथिक्स बोर्डाने एस्थेटिक प्रोसिजर आणि हेअर ट्रान्सप्लांटबद्दल पत्रक काढलं, त्यात साफ लिहिलंय की वर्कशॉप बघून किंवा यूट्यूब बघून शिकलं ते पुरेसं ट्रेनिंग नाही. उद्या काही झालं तर समोरचा वकील ते पत्रक आणि तुमचं सर्टिफिकेट शेजारी शेजारी ठेवणार. बोर्डावर 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' लिहायचा मोह टाळा, त्या नावाची एमडी नसते. एमबीबीएस आहे तेच लिहा, त्यात कमीपणा काय आहे.

आता लेझर. लेझर केसातलं मेलॅनिन, म्हणजे काळं रंगद्रव्य, शोधत जातं. गोऱ्या कातडीवर काळा केस असेल तर काम सोपं. आपली कातडी बहुतेक फिट्झपॅट्रिकच्या (कातडीच्या रंगांचा तक्ता) चौथ्या-पाचव्या टाइपची, म्हणजे सावळी, तिच्यातच मेलॅनिन भरलेलं. म्हणजे चोर आणि घरमालक एकाच रंगाचा शर्ट घालून उभे आणि पोलिसाने अंधारात काठी चालवायची. म्हणून पल्स (प्रकाशाचा ठोका) लांब, एनर्जी बेताची, हँडपीसचं (कातडीवर टेकवायचा भाग) टोक गार, आणि कानाखाली टेस्ट पॅच देऊन थांबायचं. ८०८-८१० नॅनोमीटरचा डायोड नीट वापरला तर चालतो, फार सावळ्या कातडीला १०६४ चा लाँग पल्स एनडी-याग जास्त सुरक्षित. आयपीएल हे तर लेझरच नाही, ते दिव्यासारखं सगळ्या रंगांचं मिळून येतं, आणि आपल्याकडे जळाल्याच्या केसेस मी बघतो त्यातल्या बऱ्याच त्याच्या. पांढरा केस कुठल्याच लेझरने जाणार नाही कारण त्यात शोधायला काही नसतंच, हे चाळिशीच्या बायकांना पैसे घ्यायच्या आधी सांगायचं, नंतर नाही.

'कायमचे जातील' हे शब्द वापरू नका. रिडक्शन म्हणा. वाढीच्या अवस्थेत असलेला केसच मरतो म्हणून ६ ते ८ सेशन लागतात, चेहऱ्याला ४-६ आठवड्यांच्या अंतराने, आणि त्या काळात थ्रेडिंग-वॅक्सिंग बंद, फक्त रेझर, कारण मूळच उपटून टाकलं तर लेझर मारणार कशावर. चेहऱ्यावर रेझर म्हटलं की आया किंचाळतात, तयारी ठेवा.

आणि ज्या मुलीला हनुवटीवर राठ केस आलेत तिला मशीनवर झोपवायच्या आधी पाळीचं विचारा. पीसीओएस (अंडाशयाचा हॉर्मोनचा विकार) असेल तर तुम्ही जाळत राहणार आणि अंडाशय नवीन पाठवत राहणार. टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, सोनोग्राफी, वजन. हे मोठ्या शहरातल्या चेन क्लिनिकमध्ये कुणी करत नाही कारण तिथे टेबलावर काउन्सेलर बसलेली असते. तुम्ही जीपी आहात, हे तुम्हाला झोपेतही जमतं. शिवाय गाल-जबडा या भागात हॉर्मोनचा त्रास असलेल्या मुलींमध्ये लेझरने केस उलट वाढल्याचंही दिसतं, पॅराडॉक्सिकल हायपरट्रायकोसिस म्हणतात त्याला, आणि तसं झालं की ती मुलगी तुमच्यावर विश्वास ठेवत नाही, ठेवूही नये.

डीलरकडून एकच लेखी मागा, मेडिकल डिव्हाइस रूल्स २०१७ खालचा इम्पोर्ट लायसन्स नंबर. ऑक्टोबर २०२३ पासून जवळपास सगळ्या उपकरणांना लायसन्स लागतं. नंबर मागितला की अर्ध्या डीलरांचे फोन आपोआप बंद होतात.

रिसेप्शनवाली

डॉक्टरांनी डॉक्टरकीचं सांगितलं, मी गल्ल्याचं सांगते. पुण्यात एका स्किन क्लिनिकच्या फ्रंट डेस्कला ७ वर्षं आहे, आधी दुसरीकडे होते ते क्लिनिक बंद पडलं, का ते पुढे सांगते.

३७ हजाराचा हप्ता ना? अप्परलिप-हनुवटीचं सेशन तुमच्याकडे १५०० ला जाईल असं धरू, तालुक्याला त्याच्या वर अवघड आहे. म्हणजे नुसत्या हप्त्याला महिन्याला २५ सेशन. मुलगी येते दर पाचसहा आठवड्यांनी, म्हणजे ३०-३५ मुली कायम चालू पाहिजेत, त्यापण न चुकता येणाऱ्या. यात असिस्टंटचा पगार, एसी, जेल, मेंटेनन्स धरलाच नाही. आणि हँडपीस! हँडपीसला शॉट मोजलेले असतात, ते संपले की नवीन, आणि त्याची किंमत डीलर पहिल्या मीटिंगला कधीच सांगत नाही. आमच्याकडे पहिल्यांदा हँडपीस गेला तेव्हा सर दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते.

पॅकेज. सगळे सांगतात पॅकेज विका, ६ सेशनचे पैसे आधी घ्या. घ्या पण मॅडम ते पैसे आपले नसतात हो, ती उधारी आहे, सेवा द्यायची राहिलीय. माझं आधीचं क्लिनिक त्यातच बसलं, दिवाळी ऑफरला पॅकेजं विकली, त्या पैशातून दुसरी ब्रँच काढली, मग जुन्या बायका सेशन मागायला आल्या तेव्हा ना स्टाफ ना मशीनला वेळ, आणि रोज डेस्कवर शिव्या कुणी खाल्ल्या, मी. एकेका सेशनचे घ्या, फार तर तीनचे.

सीझनचं बघा. तुळशीच्या लग्नानंतर फोन सुरू होतात. नवरी हळदीच्या पंधरा दिवस आधी उगवते आणि म्हणते चेहरा करून द्या. तिला नाही म्हणायला शिका, हे सगळ्यात अवघड. पील करून सोललेल्या कातडीवर हळद लागली की काय होतं ते मी बघितलंय, लग्नाचा अल्बम आयुष्यभर राहतो आणि ती तुमचं नाव प्रत्येक फोटोला घेणार. आम्ही आता सांगतो चार-सहा महिने आधी या, नाहीतर फक्त सनस्क्रीन आणि मॉइश्चरायझर घेऊन जा.

आणि एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. ताप-खोकल्याच्या रांगेत बसून कुणी हनुवटीच्या केसांसाठी येत नाही. गाव छोटं असेल तर अजूनच. वेगळी वेळ ठेवा, दुपारी दोन ते चार, शक्य असलं तर वेगळं दार. बिलाचा मेसेज कुठल्या नंबरवर पाठवायचा ते विचारून घ्या. एकदा आमच्या मुलीने 'आपले फेस लेझरचे सेशन उद्या' असा मेसेज फॉर्मवरच्या नंबरवर टाकला, तो नंबर सासऱ्यांचा होता. फोटो काढायचे ते क्लिनिकच्या फोनवर, स्टाफच्या फोनवर अजिबात नाही.

सांगलीकरीण

मी पेशंट बाजूने लिहिते, डॉक्टर नाही काही नाही. साखरपुड्याच्या आधी हातापायाचं लेझर केलेलं, नाव सांगत नाही कुणाचं. आदल्याच आठवड्यात आम्ही सगळी मैत्रिणी गणपतीपुळ्याला जाऊन आलेलो, हात असे तांबूस काळे झालेले, तिथल्या पोरीनं विचारलंच नाही उन्हात गेलतीस का. डॉक्टर होते की, पण ते फाइलवर सही करून निघून गेले, मशीन त्या पोरीनं मारलं. टेस्ट बिस्ट काही नाही. मारताना असं गरम तेल उडाल्यागत होत होतं, मी म्हणलं भाजतंय, तर म्हणते थोडं लाल होतंच ताई, होतंय म्हणजे काम करतंय.

रात्री फोड आले. दुसऱ्या दिवशी दोन्ही हातांवर झेब्र्यासारखे पट्टे, मशीनचं टोक जिथं जिथं टेकवलं तसे आयत आयत. फोन केला तर कोरफड लावा म्हणाले. साखरपुड्याला पूर्ण बाह्यांचा ब्लाउज शिवून घेतला घाईत, मे महिन्यात. काळे डाग जायला नऊ महिने लागले, एका स्किनवाल्या मॅडमनी केलं बरं, त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं की उन्हानं रापलेल्या कातडीवर लेझर मारायचंच नसतं.

कृष्णाकाठ मॅडम तुम्ही सुरू करा खुशाल, पण मशीन तुम्ही स्वतः मारा. आणि पेशंट भाजतंय म्हणली की थांबा. एवढंच.

कृष्णाकाठ

सांगलीकरीण ताई, वाचून अंगावर काटा आला. आणि डीलरने मला काय सांगितलं होतं माहितीय? 'मॅडम तुम्ही फक्त कन्सल्टिंग करा, मशीन सिस्टर चालवेल, तीन तासात ट्रेनिंग देतो.'

चर्मचक्षू सर, लायसन्स नंबर मागितला. 'पाठवतो' म्हणाला, तीन दिवस झाले.

मग मशीन बाजूला ठेवलं तर पीलपासून सुरुवात करू का? आणि बोटॉक्सबद्दल पण सांगाल का, इथल्या दोन-तीन जणींनी, एक तर बँक मॅनेजर आहेत, कपाळावरच्या आठ्यांचं विचारलंय. फिलरचं मला स्वतःलाच भ्या वाटतं. आणि रिसेप्शनवाली ताई, जीएसटीचं काय असतं?

साबुदाणा_गोळ्या

इचलकरंजी, बीएचएमएस (होमिओपॅथी). मलाही त्याच पद्धतीचा फोन आलाय, बहुतेक सेम डीलर. मला म्हणाला 'सर बीएचएमएसला सगळं चालतं, बोटॉक्सपण'. चालतं का खरंच? खवचट उत्तरं नकोत, खरं विचारतोय, घरी लहान पोरं आहेत, लोन काढायचंय.

चर्मचक्षू

साबुदाणा, खवचट नाही बोलणार, नाव मात्र आवडलं. बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजे बोटॉक्स, हे अ‍ॅलोपॅथीचं प्रिस्क्रिप्शनचं औषध आहे. पूनम वर्मा केसमध्ये १९९६ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की होमिओपॅथने अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली तर तोच निष्काळजीपणा, वेगळा सिद्ध करायची गरज नाही. मुंबईचीच केस, साध्या तापाची. सीसीएमपी (होमिओपॅथांसाठीचा आधुनिक औषधांचा) कोर्स झालेल्यांच्या नोंदणीवरून जो वाद चाललाय तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, पण त्या भांडणाच्या जिवावर लोन काढू नका. डीलरला म्हणा 'चालतं' हे लेटरहेडवर लिहून दे.

कृष्णाकाठ, पील. हो, सुरुवातीला तेच योग्य. त्यातही सॅलिसिलिक, २० ते ३० टक्के, पिंपलवाल्या पोरापोरींना. न्यूट्रलाइज करावं लागत नाही. लावल्यावर चेहऱ्यावर पांढरं दिसतं ते बघून घाबरू नका, ते सॅलिसिलिकचे स्फटिक असतात, कातडी जळाल्याचं पांढरं वेगळं, आणि हा फरक डोळ्याला कळेपर्यंत कुणाच्या तरी शेजारी उभं राहूनच शिकायचं. गरोदर असेल किंवा अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल तर नाही. ग्लायकोलिकला घड्याळ लावून बसायचं आणि बायकार्बने थांबवायचं, तिथे फोन आला म्हणून बाहेर गेलात तर संपलं. टीसीए (जास्त जहाल अ‍ॅसिड) सध्या कपाटातसुद्धा ठेवू नका. पेशंटला विचारायचं ते असं: आयसोट्रेटिनॉइनची (पिंपलची) गोळी चालू आहे का, ओठावर तापाचे फोड येऊन जातात का, जखम झाली की व्रण फुगतो का, घरी चेहऱ्याला कुठलं मलम लावता. शेवटच्या प्रश्नाला ट्यूब घेऊन यायला सांगा. तोंडी उत्तर 'साधंच आहे' असं येतं आणि ट्यूबवर स्टेरॉइड निघतं.

बोटॉक्स. गंमत म्हणून सांगतो, याची सुरुवातच क्लिनिकच्या पोटातून झाली. व्हँकुव्हरला कॅरुदर्स नवरा-बायको, ती डोळ्यांची डॉक्टर, तो स्किनचा. पापण्या फडफडतात त्यासाठी ती हे इंजेक्शन द्यायची, १९८७ मध्ये तिच्या एका पेशंटनेच सांगितलं की इथे दिलं की माझ्या आठ्या जातात. मग दोघांनी आपल्या रिसेप्शनिस्टलाच टोचून बघितलं. (रिसेप्शनवाली ताई, सावध राहा.) अमेरिकेच्या एफडीएने भुवयांमधल्या आठ्यांसाठी परवानगी दिली ती २००२ ला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर औषधापेक्षा हिशोबात आहे. भुवयांमधल्या आठ्यांना २० युनिट, पाच ठिकाणी. १०० युनिटच्या व्हायलमध्ये अडीच मिली सलाईन घातलं की ०.१ मिलीत ४ युनिट येतात. व्हायल फ्रीजमध्ये २ ते ८ अंशात, आणि लेबल म्हणतं एकदा विरघळवली की २४ तासात वापरा. आता कराडला एका दिवशी पाच जणी जमतात का? नाही जमल्या तर उरलेलं काय करणार? इथेच लोक घसरतात. दोन आठवडे ठेवून वापरायचं, पाणी जास्त घालायचं, मग 'मॅडमकडचं बोटॉक्स टिकत नाही' अशी बोंब. तीन-चार दिवसांनी दिसायला लागतं, दोन आठवड्यांनी पूर्ण, तीन-चार महिने राहतं, यापेक्षा जास्त वचन देऊ नका. आणि पापणी खाली आली तर ती उलटवणारं औषध नाही, थेंब देऊन थोडी उचलता येते, बाकी आठवडे मोजायचे. बँक मॅनेजर बाई रोज पन्नास लोकांसमोर बसतात, हे आधी सांगायचं.

फिलरची भीती वाटते हे चांगलं लक्षण आहे, ती जाऊ देऊ नका. चुकून रक्तवाहिनीत गेलं की कातडी पांढरी पडते, मग जाळीसारखी निळसर, दुखतं, आणि नाक किंवा भुवयांच्या मध्ये असेल तर डोळासुद्धा जाऊ शकतो. हायलुरोनिक अ‍ॅसिडचं फिलर विरघळवायला हायलुरोनिडेज लागतं, ते भरपूर व्हायल हाताशी असल्याशिवाय आणि ते कसं टोचायचं हे स्वतः केल्याशिवाय पहिली सिरिंज उघडायचीच नाही. तुमच्या गावात मेडिकल कॉलेज आहे, तिथल्या स्किनच्या प्राध्यापकांना भेटा, आठवड्यातून दोन दुपारी ओपीडीला उभं राहू द्या म्हणावं. सहा महिने. डीलरच्या तीन तासांपेक्षा बरं.

रिसेप्शनवाली

सर मला कुणी टोचणार नाही, माझ्या आठ्यांमुळेच लोक बिल भरतात.

जीएसटी आमच्या सीएंनी समजावलं तसं सांगते, तुमच्या सीएला विचाराच. ओपीडीच्या तपासणी-उपचाराला जीएसटी माफ आहे, पण २०१७ च्या त्या माफीच्या यादीत कॉस्मेटिक सर्जरी, प्लॅस्टिक सर्जरी, हेअर ट्रान्सप्लांट वगळलेलं आहे, जन्मजात व्यंग किंवा अपघात-भाजणं यासाठी केलं तर वेगळं. सौंदर्यासाठी केलं की जीएसटी लागतो. आता गोम ऐका, वर्षाला २० लाखांची मर्यादा आहे ना नोंदणीची, ती मोजताना तुमचं ओपीडीचं माफ असलेलं उत्पन्नही त्यात धरतात. डॉक्टर लोक म्हणतात माझं लेझरचं तर चारच लाख झालं, मला काय संबंध. संबंध असतो. बिलं सुरुवातीपासून वेगळी ठेवा.

आणि इन्स्टावर बिफोर-आफ्टर टाकायची घाई करू नका. आमच्या सरांना मेडिकल कौन्सिलकडून पत्र आलेलं. जाहिरातीबद्दलचे नियम अजून २००२ चेच लागू आहेत, २०२३ ला नवीन आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले. इन्शुरन्सची पॉलिसी पण उघडून वाचा, सरांच्या पॉलिसीत कॉस्मेटिक वगळलेलं निघालं, जास्तीचा प्रीमियम भरून घालून घेतलं. संमतीपत्र मराठीत करा. इंग्लिश फॉर्मवर घेतलेल्या सहीला नंतर सगळे म्हणतात मला काय लिहिलंय कळलंच नव्हतं, आणि खरंच कळलेलं नसतं.

मँचेस्टरची_मावशी

इथं यूकेत नर्स आहे, मूळ सातारची, म्हणून थांबले वाचायला. इथं उलटं वाटेल तुम्हाला, नर्सेस बोटॉक्स देतात, औषध प्रिस्क्रिप्शनचंच आहे पण फिलर मात्र कुणीही टोचतं असं बरीच वर्षं चाललं. शेवटी १ ऑक्टोबर २०२१ पासून इंग्लंडमध्ये १८ वर्षांखालच्या मुलींना सौंदर्यासाठी बोटॉक्स-फिलर देणं गुन्हा ठरवलं. पोरी १६ व्या वर्षी ओठ फुगवून यायच्या हो. कृष्णाकाठ, तुझ्याकडे बारावीच्या मुली येतील फेअरनेसचं इंजेक्शन मागत, आत्ताच ठरवून ठेव काय सांगणार. ग्लुटाथायोन गोरं होण्यासाठी टोचायला अमेरिकेच्या एफडीएची पण मान्यता नाही, उलट त्यांनी सावध केलंय.

लातूरचा_लेक

धागा पळवतोय, माफी. आईला गालावर नाकावर वांग आहे, ४८ वय, गावात पार्लरवाली एक डबीतली क्रीम देते, लेबल नाही, लावली की महिनाभर एकदम चकचकीत होतं आणि बंद केली की डबल काळं. लेझरने जाईल का?

चर्मचक्षू

आधी ती डबी बंद. लेबल नाही म्हणजे स्टेरॉइड असेल, नशीब फारच वाईट असेल तर पारा. अकोल्यात एकाच घरातल्या मुलगी, आई, बहीण, तिघींच्या किडनीला त्रास झाला, मुंबईला केईएममध्ये क्रीम तपासली तर त्यात पारा निघाला. पायावर-डोळ्याखाली सूज असेल, लघवीला फेस येत असेल तर लघवी आणि क्रिएटिनिन तपासून घ्या याच आठवड्यात.

क्रीम बंद केल्यावर चेहरा लाल होईल, आग होईल, पिंपल येतील, तेव्हा परत डबी लावावीशी वाटणार. त्या वेळेला स्किनच्या डॉक्टरकडे घेऊन जा, घरी बसून सहन करायला लावू नका.

लेझरने वांग जात नाही, काही वेळा उलट भडकतो. सनस्क्रीन रोज, त्यातही रंग असलेलं, त्यातल्या आयर्न ऑक्साइडमुळे दिसणारा प्रकाशही अडतो आणि वांगाला तोही पुरतो. आई चुलीपुढे किंवा भाकरीच्या धगीपुढे बसते का? तीही धग टाळा. ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या देतात, पण पायात रक्ताची गाठ, स्ट्रोक असं काही घरात झालंय का ते विचारल्याशिवाय नाही, त्यामुळे दुकानातून परस्पर आणू नका. आणि वांग 'बरा' होत नाही हो, फिका ठेवायचा असतो, शुगरसारखा. बाकी नवीन धागा काढा, इथे मॅडमचं राहून जाईल.

कृष्णाकाठ

राहू दे सर, उलट माझ्याकडे येणाऱ्या अर्ध्या बायका लातूरच्या आईंसारख्याच आहेत.

कॉलेजला जाऊन आले काल. मॅडमनी आधी दहा मिनिटं झापलं, मग म्हणाल्या मंगळवार-गुरुवार दुपारी या, पहिले दोन महिने हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. ठीक आहे म्हटलं. ओपीडीच्या मागच्या खोलीला रंग देतेय, दुपारची वेळ फक्त पिंपल, वांग आणि पीसीओएससाठी ठेवणार, मशीन नाही सध्या. सासऱ्यांना सांगितलं पार्लर नाही, दवाखानाच आहे, तर म्हणाले मग त्या खोलीतला माझा झोपाळा कुठं हलवणार.

आणि हो, डीलरचा फोन आला आत्ताच. लायसन्स नंबर नाहीच पाठवला, पण १४ चे साडेअकरा झाले म्हणे, फक्त या आठवड्यापुरते.

रिसेप्शनवाली

मार्चएन्डपर्यंत थांबा, नऊला येईल.